पावसाचें दप्तर समुद्राच्या तळाशीं

समुद्राविषयीं बोलावयास धाराशिव जिल्ह्यांतला एक निवृत्त शाळामास्तर पुढें आलेला पाहून आपणांपैकीं कित्येकांस आश्चर्य वाटेल. आमच्या जिल्ह्यास किनारा नाहीं, बंदर नाहीं, आणि बारमाही भरून वाहणारी नदीहि नाहीं. माझ्या वर्गांतील बहुतेक मुलांनीं समुद्र पाहिलेला असे तो नकाशावर निळ्या रंगानें रंगविलेला. माझें स्वतःचें शिक्षणहि मॅट्रिकपर्यंतचें. तेव्हां मी जें सांगणार आहें तें पंडिताच्या अधिकारानें नव्हे; एका विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर शोधतां शोधतां जें वाचनांत आलें आणि जें मला समजलें, तेवढेंच आपणांपुढें ठेवणार आहें.

तो प्रश्न असा. माझ्या नोकरीच्या अखेरच्या वर्षांत सातवींतल्या एका मुलानें शेतांत सांपडलेला एक पांढरा, वळणदार दगड माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि विचारलें, "गुरुजी, हा शंख आहे ना? मग आपल्या गांवीं पूर्वीं समुद्र होता का?" मी दगड उलटसुलट करून पाहिला. तो शंख नव्हता. काळ्या खडकाच्या पोकळींत पाझरत्या पाण्यानें सांचलेली ती गारगोटी होती. मी त्याला सांगितलें कीं, आपला खडक म्हणजे सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूगर्भांतून उसळून पसरलेला आणि थराथरानें थिजलेला लाव्हा आहे. त्यांत समुद्राचे शंखशिंपले सांपडावयाचे नाहींत. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहांटे किल्लारीचा भूकंप झाला, तो आमच्या जिल्ह्यांतील कोणी विसरलेला नाहीं. त्यानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी अनुसंधान संस्थेनें किल्लारीस ६१७ मीटर खोल छिद्र पाडलें. वरचे सुमारें ३३८ मीटर नुसता लाव्ह्याचा खडक लागला, त्याखालीं गाळाचा अगदीं पातळ थर, आणि त्याच्याहि खालीं अतिप्राचीन ग्रॅनाइटाच्या जातीचा खडक. समुद्राच्या तळाचा जाडजूड थर कोठेंहि लागला नाहीं.

मुलगा हिरमुसला. क्षणभर थांबून त्यानें पुन्हां विचारलें, "म्हणजे समुद्राचा आणि आपला कांहींच संबंध नाहीं?" "आपला पाऊस समुद्रावरून येतो," एवढें बोलून मी पुढील धड्याकडे वळलों. उत्तर चुकीचें नव्हतें, पण तें अपुरें होतें. आणि तें किती अपुरें होतें हें मला निवृत्त झाल्यावर कळलें.

तो प्रश्न मनांत रेंगाळत राहण्यास एक जुनें कारणहि होतें. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हां मी अकरा वर्षांचा होतों. वडील दुष्काळी कामावर खडी फोडावयास जात. घरीं मिलोच्या लाल ज्वारीची भाकरी असे, आणि कामावर वांटलेली सुकडी आम्ही मुलें मुठींत धरून खात असूं. विहिरीच्या तळाशीं उतरून वाटीवाटीनें घागर भरावी लागे. संध्याकाळीं ओट्यावर वडीलधारी माणसें जमत, आणि त्यांचें बोलणें फिरून फिरून एकाच ठिकाणीं येई: असला काळ पूर्वीं कधीं पडला होता काय? माझी आजी म्हणे, "दुर्गादेवीच्या दुष्काळांत ह्याहून वाईट झालें." दुर्गादेवीचा दुष्काळ हा चौदाव्या शतकाच्या अखेरचा. आजीनें तो पाहिला नव्हता, तिच्या आजीच्या आजीनेंहि पाहिला नव्हता. परंतु सहाशें वर्षांपूर्वींच्या त्या नांवाचा आधार घेतल्यावांचून तिला धीर येत नसे. पुढें २०१६ च्या एप्रिल महिन्यांत शेजारच्या लातूरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तेव्हां मीच वडीलधाऱ्यांच्या जागीं बसलों होतों, आणि प्रश्न तोच होता.

कागदपत्रांवरून ह्या प्रश्नाचें उत्तर देऊं गेलें, तर आपण फार मागें जाऊं शकत नाहीं. हिंदुस्थानचें हवामान खातें १८७५ सालीं स्थापन झालें. त्याच्या मागें गेलें कीं बखरी आणि पत्रव्यवहार, त्याहून मागें तुरळक शिलालेख, आणि त्याच्याहि पलीकडे केवळ लोकांच्या तोंडीं राहिलेलीं नांवें. दोन हजार किंवा चार हजार वर्षांपूर्वीं बालाघाटावर मृग बरसला कीं कोरडा गेला, हें कोणत्या दप्तरांत पाहावयाचें?

श्रोतेहो, असें एक दप्तर आहे, आणि तें समुद्राच्या तळाशीं आहे.

त्या दप्तराचे कारकून डोळ्यांना दिसत नाहींत म्हटलें तरी चालेल. समुद्राच्या पाण्यांत फोरॅमिनीफेरा नांवाचे एकपेशीय जीव राहतात. त्यांतील पुष्कळसे रव्याच्या कणाएवढे, कांहीं त्याहूनहि लहान. पाण्यांत विरघळलेला चुना घेऊन हे जीव आपल्याभोंवतीं नाजूक कवच रचतात; एकास एक लागून फुगीर खोल्या बांधाव्या, तसें तें दिसतें. ह्यांतील कांहीं जाती पृष्ठभागाजवळ तरंगत असतात. त्यांचें आयुष्य कांहीं आठवड्यांचें. जीव मेला कीं कवच हळूहळू तळाशीं जातें. त्याच वेळीं नद्यांनीं आणलेला गाळहि तेथें बसत असतो. अशा रीतीनें गाळावर कवच आणि कवचावर गाळ असे थर चढतात. खालचा थर जुना, वरचा नवा. १८७२ ते १८७६ ह्या काळांत 'चॅलेंजर' नांवाच्या इंग्रज जहाजानें जगांतील महासागरांची पाहणी केली, तेव्हां समुद्रतळाचे अफाट प्रदेश ह्या सूक्ष्म कवचांच्या चिखलानेंच झांकलेले आढळले. पुढें पाऊणशें वर्षें लोक त्या कवचांचे आकार पाहून त्यांची वर्गवारी करीत राहिले. त्या कवचांच्या चुन्यांतहि कांहीं मजकूर आहे, ही कल्पना नंतरची.

तो मजकूर कोणत्या अक्षरांत लिहिलेला असतो, तें आतां पाहूं. चुनखडींत कॅल्शियम, कार्बन आणि प्राणवायु हीं तीन मूलद्रव्यें असतात. ह्यांपैकीं प्राणवायूचे सगळे अणु सारख्या वजनाचे नसतात. बहुतेक अणूंचें वजन १६. परंतु सुमारें पांचशें अणूंमागें एक अणु १८ वजनाचा असतो. दोघांचा रासायनिक स्वभाव एकच, म्हणून त्यांस समस्थानिकें म्हणतात. फरक काय तो जडपणाचा. पण तेवढ्या फरकानें काय घडतें हें समजण्यासाठीं आपलें खळें डोळ्यांपुढें आणा. उफणणीच्या वेळीं सुपांतून सोडलेलें जड धान्य पायाशीं पडतें, आणि भूस वाऱ्याबरोबर दूर जातें. समुद्राच्या पाण्याची वाफ होते तेव्हां हलक्या प्राणवायूचें पाणी किंचित् अधिक उडतें, जड किंचित् अधिक मागें राहतें. पुढें ढग बरसूं लागले कीं जड पाणी आधीं पडतें. ढग किनाऱ्यापासून जसजसे आंत जातात, तसतसें त्यांत उरलेलें पाणी अधिकाधिक हलकें होत जातें. म्हणून सह्याद्रि ओलांडून आमच्याकडे पडणारा पाऊस हा समुद्राच्या पाण्याहून हलका असतो. हा फरक हजारांत कांहीं भाग एवढाच असतो. जिभेला तो कळत नाहीं, आणि सोनाराच्या तराजूलाहि कळत नाहीं. अणूंना विद्युत्भार देऊन चुंबकाच्या ओढीनें वजनाप्रमाणें वेगळे करणारीं यंत्रें निघालीं, तेव्हांच तो मोजतां येऊं लागला.

हें शास्त्र उभें राहिलें तें हॅरॉल्ड यूरी ह्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञामुळें. जड हायड्रोजनाच्या शोधाबद्दल त्यांस १९३४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें होतें. १९४७ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत त्यांनीं गणितानें दाखविलें कीं, पाण्यांतून चुनखडी जमते तेव्हां तिच्यांत जड प्राणवायु किती शिरावा हें पाण्याच्या उष्णतेवर अवलंबून असतें. पाणी थंड असेल तर जड प्राणवायु अधिक, ऊन असेल तर कमी. एका अंशामागें फरक दहा हजारांत सुमारें दोन भाग. म्हणजे शिंपला हें एक उष्णतामापक यंत्रच झालें, आणि तें मेल्यावरहि आपला आंकडा विसरत नाहीं. १९५१ सालीं यूरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं स्कॉटलंडच्या स्काय बेटावरील एका बेलेमनाइटाची तपासणी प्रसिद्ध केली. बेलेमनाइट हा माकुळासारखा एक समुद्री प्राणी. त्याचा वंश कोट्यवधि वर्षांपूर्वींच नामशेष झाला. त्याच्या कवचांत झाडाच्या खोडासारखीं वलयें असतात. एकेका वलयाचा चुना निराळा तपासला, तेव्हां त्या प्राण्यानें बालपणानंतर तीन उन्हाळे व चार हिवाळे पाहिले, त्याच्या तारुण्यांत पाणी उतारवयापेक्षां ऊन होतें, आणि सुमारें चार वर्षांचा होऊन तो वसंतऋतूंत मेला, एवढी जन्मपत्रिका बाहेर आली. पंधरा कोटी वर्षांमागें मेलेल्या एका सामान्य जीवाच्या मरणाचा ऋतु सांगतां यावा, ही गोष्ट प्रथम वाचली तेव्हां मीं पुस्तक मिटून थोडा वेळ स्वस्थ बसलों होतों.

परंतु ह्या साक्षीदाराची उलटतपासणीहि करावी लागते. कवचांतील जड प्राणवायूचें प्रमाण दोन कारणांनीं बदलतें: एक, पाण्याची उष्णता, दुसरें, त्या पाण्यांत मुळांत असलेलें जड-हलक्याचें प्रमाण. १९५५ सालीं चेझारे एमिलियानी ह्यांनीं खोल समुद्रांतील सूक्ष्म कवचांवरून हिमयुगांच्या येरझारा वाचल्या, आणि तो बहुतेक सगळा फरक उष्णतेचा धरला. १९६७ सालीं केंब्रिजच्या निकोलस शॅकलटन ह्यांनीं दाखविलें कीं, त्यांतील मोठा भाग उष्णतेचा नसून बर्फाचा आहे; हिमयुगांत हलकें पाणी बर्फ होऊन जमिनीवर अडकून पडतें आणि समुद्र जड होतो. तेव्हां दोन अज्ञातें आणि समीकरण एकच, अशी ती अडचण होती. शाळेंतला मुलगाहि सांगेल कीं, दुसरें समीकरण हवें. तें मॅग्नेशियमनें पुरविलें. पाणी जितकें ऊन, तितकें कवचांत कॅल्शियमच्या जागीं मॅग्नेशियम अधिक शिरतें. त्यावरून उष्णता निराळी काढावी, ती प्राणवायूच्या हिशोबांतून वजा करावी, आणि उरलेल्या आंकड्यावरून पाण्याचें मूळचें स्वरूप ओळखावें, अशी ही पद्धति आहे. साक्षीदार कधीं कधीं फितूरहि होतो. गाळांत पुरलेलें कवच विरघळून पुन्हां नव्यानें जमलें, तर त्याचा चुना जुना मजकूर पुसून नवाच लिहितो. म्हणून आधीं सूक्ष्मदर्शकाखालीं एकेक कवच पारखून स्वच्छ तेवढेंच निवडतात. तांदूळ निवडण्यासारखेंच हें काम आहे. फक्त दाणे इतके बारीक, कीं ते ओल्या कुंचल्याच्या टोकानें उचलावे लागतात.

आपल्या देशांत हें काम करणाऱ्या संस्थांमध्यें गोव्यास दोना पावला येथें असलेली, १९६६ सालीं स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था प्रमुख आहे. तेथील संशोधक अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर ह्या दोन्हींच्या तळांतील गाळ काढून त्यांतील कवचें वर्षानुवर्षें तपासत आले आहेत.

आतां आपण आपल्या जिल्ह्याकडे परत येऊं. आमची तेरणा नदी धाराशिव जिल्ह्यांतच उगम पावते आणि पुढें मांजरेस मिळते. मांजरा गोदावरीस मिळते. गोदावरी त्र्यंबकेश्वराहून निघून, सुमारें १४६५ किलोमीटर वाहून, राजमहेंद्रीच्या खालीं बंगालच्या उपसागरांत शिरते. म्हणजे ज्या पावसाचा बराच भाग पश्चिमेच्या समुद्रावरून येतो, त्याचें वाहून जाणारें पाणी पूर्वेच्या समुद्रास पोंचतें. ज्या वर्षीं पाऊस चांगला, त्या वर्षीं गोदावरीच्या मुखासमोर समुद्राच्या खाऱ्या, जड पाण्यावर हलक्या, गोड्या पाण्याची जणूं साय पसरते. तेथें तरंगणारा सूक्ष्म जीव आपलें कवच त्या हलक्या पाण्यांतून रचतो. ज्या वर्षीं नदी कोरडी, त्या वर्षीं पाणी खारट आणि जड, आणि कवचहि जड. गोदावरीच्या मुखासमोर तळाशीं पडलेलीं तीं कवचें म्हणजे तिच्या साऱ्या खोऱ्याचें पर्जन्यमापकच होत. आणि त्या खोऱ्यांत आमची तेरणाहि आली.

२००६ सालीं भारत सरकारनें समुद्रतळाखालीं गोठून राहिलेल्या ज्वलनशील वायूच्या शोधासाठीं 'जॉइडीज रेझोल्यूशन' हें छिद्र पाडणारें जहाज आणविलें होतें. त्यानें गोदावरीच्या मुखासमोर, सव्वा हजार मीटरांहून अधिक खोल पाण्याखालून, गाळाचा एक उभा दंड काढला. उसाच्या कांडीसारखा हा दंड उभा चिरला, कीं खालपासून वरपर्यंत गेल्या सुमारें अकरा हजार वर्षांचीं पानें क्रमानें लागतात. कोणतें पान कोणत्या शतकाचें, हें किरणोत्सारी कार्बनावरून ठरवितात; सजीव मेल्यापासून तो कार्बन ठरलेल्या गतीनें, सुमारें ५७३० वर्षांत निम्मा, ह्या प्रमाणांत घटत जातो.

ह्या दंडाचा अभ्यास कामिलो पाँटन, लिव्हिउ जिओसान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१२ सालीं प्रसिद्ध केला. त्यांनीं दोन साक्षीदार एकदम उभे केले. एक, पृष्ठभागाजवळ राहणाऱ्या एका जातीच्या कवचांतील प्राणवायु. दुसरा, खोऱ्यांतील झाडापानांवरचें मेण. पानावर जो तुकतुकीत लेप असतो तो सहजासहजीं कुजत नाहीं. तो नदीच्या गाळाबरोबर समुद्रास जातो. मोठ्या वृक्षांच्या मेणांतील कार्बन आणि कोरड्या माळावरच्या गवतांच्या मेणांतील कार्बन ह्यांच्या वजनांचें प्रमाण निराळें असतें. आपली ज्वारी, बाजरी आणि ऊंस हींहि ह्या दुसऱ्या वर्गांतलींच. तेव्हां मेण पाहिलें कीं खोऱ्यांत रान अधिक होतें कीं माळ अधिक होता, हें कळतें. अर्थात् रान तोडून कोणीं ज्वारी पेरली तरीहि मेण बदलणारच. म्हणून एकट्या मेणाच्या साक्षीवर निकाल देतां येत नाहीं, समुद्रांतील कवचाची जोड त्याला द्यावी लागते.

ह्या दोन साक्षींतून निघालेला निष्कर्ष असा. अकरा हजार वर्षांच्या ह्या काळाच्या पूर्वार्धांत गोदावरीचें खोरें आजच्यापेक्षां ओलसर होतें. सुमारें चार हजार वर्षांपूर्वींपासून कोरड्या हवेंत तगणाऱ्या वनस्पति वाढत गेल्या, आणि सुमारें सतराशें वर्षांपूर्वींपर्यंत ही वाढ चालू राहिली. तेव्हांपासून खोरें कोरड्याचें कोरडेंच राहिलें. समुद्रांतील कवचें सांगतात कीं, गेल्या तीन हजार वर्षांत, त्यांतहि सतराशें वर्षांपूर्वींनंतर विशेषेंकरून, उपसागराचें पाणी मधूनमधून इतकें खारट झालें कीं तसें त्याच्या आधींच्या काळांत आढळत नाहीं. पश्चिमेच्या समुद्राची नोंदहि ह्याशीं जुळते. २००३ सालीं अनिल गुप्ता आणि त्यांच्या अमेरिकन सहकाऱ्यांनीं ओमानच्या किनाऱ्यासमोरील गाळांत एका विशिष्ट जातीचीं कवचें मोजून दाखविलें कीं, गेल्या सुमारें दहा हजार वर्षांत नैर्ऋत्येचा मोसमी वारा एकंदरींत मंदावत आला आहे. ह्या मंदावण्याचें मूळ कारण आकाशांत आहे. पंचांग पाहणाऱ्यांस परिचित असलेल्या संपातचलनामुळें, उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यांत पृथ्वी सूर्यापासून किती अंतरावर असावी हें हजारों वर्षांच्या ओघांत बदलतें. दहा हजार वर्षांपूर्वीं उन्हाळ्यांतलें ऊन अधिक कडक होतें, जमीन अधिक तापे, आणि समुद्रावरचा वारा अधिक जोरानें आंत ओढला जाई. तें ऊन पुढें हळूहळू मंदावलें.

म्हणजे आजीच्या ओट्यावरच्या प्रश्नाला समुद्र उत्तर देतो तें असें: होय, असला काळ पूर्वींहि आला होता, एकदां नव्हे, अनेकदां. आपण ज्या कोरड्या मुलुखांत राहतों तो कालपरवां कोरडा झालेला नाहीं. सातवाहनांच्या आधीं कित्येक शतकें तो कोरडा होऊं लागला होता.

येथें एक मोह आवरला पाहिजे. तेरणेच्या कांठीं आमचें तेर गांव आहे. पेरिप्लस ह्या ग्रीक प्रवासवर्णनांत ज्याचा तगर म्हणून उल्लेख येतो, तें हेंच. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत येथील माल गाड्यांनीं भडोचच्या बंदरास जात असे. सातवाहनांची सत्ता तिसऱ्या शतकांत लयास गेली आणि तेरचें व्यापारी वैभवहि पुढें ओसरलें. गाळांतील सतराशें वर्षांपूर्वींची खूण साधारण त्याच सुमाराची. तेव्हां पावसानें तगर बुडविलें, असें म्हणून टाकावें, असें आमच्या जिल्ह्यांतल्या कोणालाहि वाटेल, मलाहि वाटलें. परंतु दोन गोष्टी एका काळीं घडल्या म्हणून एक दुसरीचें कारण ठरत नाहीं. रोमन साम्राज्याशीं चालणारा व्यापारहि त्याच सुमारास घटला होता. शिवाय तेर ओसाड पडलें नाहीं. गोरोबाकाका ह्याच गांवांत पुढें हजार वर्षांनीं चिखल तुडवीत होते. समुद्राच्या साक्षीवरून पावसाचा इतिहास सांगतां येतो; राजांच्या आणि पेठांच्या इतिहासाचा निकाल तेवढ्यावर देऊं नये.

मात्र ह्याच दंडाची आणखी एक साक्ष आहे, आणि माझ्या मतें आपणां सर्वांच्या दृष्टीनें तीच महत्त्वाची. २०१७ सालीं जिओसान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्या गाळाचें मान मोजलें आणि तो कोठल्या खडकाचा, हेंहि त्यांतील द्रव्यांवरून ओळखलें. आपला समज असा कीं पाऊस कमी तर धूप कमी. गाळ उलट सांगतो. मोसमी पाऊस घटत गेला तसतशी खोऱ्यांतून वाहून जाणारी माती वाढली. कारण उघड आहे. झाडझाडोरा विरळ झाला, जमीन उघडी पडली, आणि आमच्याकडे कोरड्या वर्षांतहि पाऊस पडतो तो दोनचार जबर सरींनींच. पुढें दख्खनच्या पठारावर शेती आली, लोखंडाची अवजारें आल्यावर ती वाढली, आणि धुपेनें आणखी जोर धरला. हवेनें आरंभिलेलें काम मनुष्यानें वाढविलें, असा त्या नोंदीचा अर्थ आहे.

श्रोतेहो, पाऊस किती पडावा हें संपातचलनाच्या आणि वाऱ्याच्या हातीं आहे. अलीकडे मनुष्यानें कोळसा आणि तेल जाळून हवेंत सोडलेल्या वायूंनीं त्यांतहि ढवळाढवळ केली आहे. तळाचें हें दप्तर पुढील वर्षाचा पाऊस सांगत नाहीं; तें पंचांग नव्हे. परंतु आपल्या मुलुखांत पावसाचे चढउतार कोठवर जाऊं शकतात तें ह्यावरून कळतें, आणि विहीर, तलाव किंवा पीक ठरवितांना गेल्या दहापांच वर्षांचा अनुभव पुरेसा नाहीं हेंहि कळतें. माती मात्र आपल्या हातीं आहे. १९७२ सालीं माझ्या वडिलांनीं ज्या कामांवर घाम गाळला, त्यांत रस्त्यांप्रमाणेंच पाझर तलाव आणि नाल्यांवरचे बांधहि होते. ते पोटासाठीं गेले होते. आपण तेरणेची माती अडवीत आहों, हें त्यांच्या मनांतहि नव्हतें. २०१७ सालीं सुरू झालेल्या गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ह्या सरकारी योजनेंत शेतकरी तलावांतला गाळ काढून पुन्हां रानांत पसरूं लागले, तेव्हां मला वडिलांच्या हातांवरचे घट्टे आठवले.

त्या मुलाला मी अपुरें उत्तर दिलें होतें. आज तो पुन्हां भेटला तर मी त्याला सांगेन: बाळ, तुझ्या दगडांत समुद्र नव्हता हें खरें, पण आपलें गांव दर पावसाळ्यांत थोडें थोडें समुद्रास जातें, आणि तेथें त्याची नोंद होते. त्या नोंदींत ह्यापुढें काय लिहिलें जावें, हें थोडेंबहुत तुझ्या बांधावर अवलंबून आहे.